रेणूचा आकार कसा ओळखावा?

कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, दोन्हींत मधल्या अणूला दोनच अणू जोडलेले. तरी पहिला रेणू सरळ आणि दुसरा वाकलेला. हे पाठ करू नका, मोजून काढा. गिलेस्पी आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी १९५७ साली मांडलेल्या पद्धतीचा गाभा साधा आहे: मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर ढकलतात आणि जमेल तितक्या लांब राहतात.

पायरी १. मधल्या अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन (सर्वांत बाहेरच्या कवचातले) घ्या आणि बंधांत गेलेले वजा करा. पाण्यात ऑक्सिजनचे ६, त्यांतले २ बंधांत गेले. उरलेल्या ४ च्या दोन एकाकी जोड्या (बंधात न गेलेल्या जोड्या) झाल्या. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनचे चारही बंधांत जातात, काहीच उरत नाही.

पायरी २. जोडलेले अणू आणि एकाकी जोड्या मिळून गट मोजा. दुहेरी बंध असला तरी गट एकच! पाण्यात ४ गट, कार्बन डायऑक्साइडमध्ये २.

पायरी ३. गटांवरून मांडणी ठरते. २ असतील तर सरळ रेषा, ३ तर समतल त्रिकोण, ४ तर चतुष्फलक, ५ तर त्रिकोणी द्विपिरॅमिड (मध्ये त्रिकोण, वर-खाली एकेक टोक), ६ तर अष्टफलक.

पायरी ४. इथेच बहुतेक उत्तरे चुकतात. एकाकी जोड्या मांडणीत जागा अडवतात, पण आकाराला नाव देताना फक्त अणू पाहायचे. म्हणून पाण्याची मांडणी चतुष्फलकाची, पण आकार वाकलेला. शिवाय एकाकी जोडीवर एकाच अणुकेंद्राची ओढ असते, म्हणून ती जास्त पसरते आणि शेजारच्या बंधांना दाबते. एकाकी जोडी नसलेल्या मिथेनमधला १०९.५° चा कोन अमोनियात (एक जोडी) सुमारे १०७° आणि पाण्यात (दोन जोड्या) १०४.५° होतो, तो यामुळेच.

या पद्धतीची खरी ताकद दिसते झेनॉन टेट्राफ्लुओराइडमध्ये. झेनॉनचे ८, बंधांत ४, म्हणजे दोन एकाकी जोड्या आणि एकूण सहा गट. त्या दोन जोड्या एक वर, एक खाली अशा समोरासमोर बसतात आणि चार फ्लुओरिन एका प्रतलात चौरस करतात. पाच गट असतील तर एकाकी जोडी मधल्या त्रिकोणात ठेवा: तिथे ९०° वर तिचे दोनच शेजारी असतात, टोकाला तीन. म्हणून क्लोरिन ट्रायफ्लुओराइड इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो.

कोनाच्या नेमक्या आकड्यासाठी मात्र या पद्धतीवर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडची मोजणी अगदी पाण्यासारखीच आहे, पण त्याचा कोन सुमारे ९२° भरतो.