टेकड्यांची रांग वाचायची कशी?

बुटक्या टेकड्यांची रांग दिसली की लोक फोटो काढून पुढे जातात, पण खडक शिकायला हीच जागा बेस्ट कारण अख्खी रांग एका दिवसात आडवी पार करता येते.

आधी घरी बसून कंटूर लाईनवाला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांचा मॅप उघडा. लाईनी दाटीवाटीने असतील तिथे चढ उभा, लांब लांब असतील तिथे सौम्य. आता दोन्ही बाजू बघा, एकीकडे तुटलेला कडा आणि दुसरीकडे निवांत उतार असेल तर आतले खडकाचे थर बहुतेक तिरके आहेत आणि त्या निवांत उताराकडेच कललेत. इंग्लंडमधल्या चिल्टर्न टेकड्या अशाच. माथा सपाट आणि बाजूला पायऱ्या असतील तर थर आडवे, दख्खनच्या साधारण 6.6 कोटी वर्षं जुन्या लाव्ह्यासारखे.

मग जागेवर जा. वाटेतला सुटा दगड बघून काही ठरवू नका, तो वरून गडगडत आलेला असतो नाहीतर कुणीतरी आणून टाकलेला. ओढ्याचं पात्र किंवा रस्त्यासाठी कापलेली बाजू शोधा, तिथे कातळ जागचा असतो.

थराचा सपाट तुकडा उघडा दिसला की बाटलीतलं घोटभर पाणी त्यावर ओता. धार जिकडे पळेल तिकडे थराचा कल. फोनची कड त्या ओल्या रेघेवर ठेवली की लेव्हल ॲपमध्ये अंशही मिळतात. दिशा मात्र कातळापासून जरा लांब उभं राहून बघा, बेसाल्टमध्ये, म्हणजे दख्खनच्या काळ्या लाव्हा-खडकात, मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं, कंपास भरकटू शकतो.

आता चाकू. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 च्या मोहस् मापावर मोजतात. चुनखडीतल्या कॅल्साइटचा 3, स्टीलचा साधारण 5.5, क्वार्ट्झचा 7, म्हणजे चुनखडीवर ओरखडा पडतो आणि क्वार्ट्झाइटवर, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झच्याच घट्ट खडकावर, उलट चाकूचीच राखाडी रेघ उमटते. चुनखडीची पूड करून व्हिनेगर टाकलं तर बुडबुडेही येतात. हीच टेस्ट माथ्यावर आणि पायथ्याला दोन्हीकडे करा, पुष्कळदा वरचा खडक चिवट निघतो, आजूबाजूचं झिजून गेलं आणि तो उरला. दिल्लीचा रिज म्हणजे अरवलीचं उत्तरेकडचं टोक, तोही क्वार्ट्झाइटच.

उतरताना झरे मॅपवर मांडत या. पाणी झिरपू देणारा खडक जिथे संपतो आणि न झिरपणारा सुरू होतो तिथे ते बहुतेकदा फुटतात. ठिपके जोडल्यावर रेघ कंटूरला धरून गेली तर थर आडवे, कंटूर कापत गेली तर तिरके, आणि बाटलीच्या पाण्याने जे सांगितलं होतं ते इथे ताडून बघता येतं.