वॉल्डनस्ट्रॉम झालेला दुसरा माणूस शोधायचा कुठे?

आप्पांचा रिपोर्ट आला तेव्हा पहिली अडचण नाव वाचायचीच होती. वॉल्डनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया. फैजपूरला जो तो विचारायचा काय झालं आप्पांना, आणि मी "रक्ताचं आहे काहीतरी" म्हणून मोकळा व्हायचो, कारण पूर्ण नाव सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपायचा. यान वॉल्डनस्ट्रॉम नावाच्या स्वीडनच्या डॉक्टरने १९४४ साली हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला म्हणून त्याचं नाव, आणि लिम्फोमा म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, त्यातल्या नॉन हॉजकिन गटाच्या शंभर पेशंटमध्ये याचे एखाद दोन निघतात. म्हणजे रावेर यावल सगळं पालथं घातलं तरी दुसरा भेटेलच असं नाही. तरी आम्हाला माणसं सापडली, कशी ते सांगतो, तुमच्या घरी लिम्फोमाचा दुसरा प्रकार असो, मॅन्टल सेल नाहीतर टी सेल, शोधायची रीत तीच.

आधी बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट हातात घ्या. डॉक्टर बोलताना नुसतं लिम्फोमा म्हणतात, फाइलवर एनएचएल (नॉन हॉजकिन लिम्फोमा) लिहिलेलं असतं, तेवढ्यावर माणूस शोधायला निघालात तं भलत्याच माणसाशी गाठ पडते. लिम्फोमाचे ६० च्या वर प्रकार आहेत. हॉजकिन झालेला विशीतला पोरगा काही महिन्यांत किमो संपवून परत कॉलेजला जातो आणि आमच्या आप्पांना डॉक्टर म्हणाले आत्ता औषधच नको, तीन महिन्यांनी आयजीएम (या आजारात रक्तात वाढणारं प्रोटीन) बघू. दोघांनाही लिम्फोमाच, पण एकमेकांना सांगणार काय? म्हणून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: आजाराचं पूर्ण नाव, बी सेल की टी सेल (कुठल्या जातीच्या पांढऱ्या पेशीतून निघाला ते), सध्या औषध चालू आहे की नुसतं लक्ष ठेवणं, आणि वय. डॉक्टरकडून स्पेलिंग तपासून घ्या, पुढे नेटवर शोधायला तेच लागतं.

आता हे "नुसतं लक्ष ठेवणं" गावात कुणाला पटत नाही. वॉच अँड वेट म्हणतात त्याला. आजार हळू वाढणारा असेल आणि त्रास नसेल तं लवकर औषध देऊन फायदा होत नाही म्हणून थांबतात, पण गल्लीतला प्रत्येक जण एकच विचारायचा, "कॅन्सर शे ना, मंग दवाई काबरं नई?" कुणी काढा सुचवला, कुणी दुसरा डॉक्टर, एका पाहुण्याने तं आम्ही पैशासाठी टाळतोय असं पण बोलून दाखवलं. तिथे मला कळलं की आप्पांना त्यांच्याच आजाराचा माणूस नंतर मिळाला तरी चालेल, त्यांच्यासारखा वाट बघत बसलेला माणूस आधी पाहिजे. आणि असा माणूस मिळणं खूप सोपं असतं.

तो आम्हाला दुसऱ्याच अपॉइंटमेंटला भेटला. अमळनेरचे रिटायर्ड मास्तर, त्यांना फॉलिक्युलर लिम्फोमा, तीन वर्षं बिनाऔषधाचे. आप्पांना म्हणाले, "मी बी वाटच दखी ऱ्हायनू." बस, एवढंच. त्या रात्री आप्पा नीट झोपले.

पण नशिबावर सोडू नका. डॉक्टरला, डेकेअरच्या सिस्टरला, हॉस्पिटलच्या सोशल वर्करला सरळ विचारा. दुसऱ्या पेशंटचा नंबर ते देणार नाहीत आणि द्यायलाही नको, म्हणून उलटं करायचं: तुमचं नाव, नंबर, आजार एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि म्हणा, असा कुणी आला आणि त्याची बोलायची तयारी असली तं त्याला ही चिठ्ठी द्या. आमच्या तीन चिठ्ठ्यांपैकी एकीला फोन आला, दोन महिन्यांनी.

मुंबईला टाटाला जाणं झालं तं राहायच्या जागेचा विचार याच हिशोबाने करा. आम्ही विदर्भ एक्सप्रेसने रात्री निघायचो आणि सकाळी दादरला उतरायचो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, इथे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे घरचे राहतात, जागा मिळायला वाट बघावी लागते पण मिळाली तं सोडू नका. संध्याकाळी सगळे बाहेर बसलेले असतात, कोण धुळ्याचा, कोण नंदुरबारचा, तिथे "कसं शे भो" कानावर पडलं आणि आप्पा दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं बोलले. रेल्वेची सवलत पण आम्हाला तिथेच कळली. हॉस्पिटलकडून फॉर्म भरून आणला की ट्रीटमेंटच्या प्रवासाला स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला १०० टक्के आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट, आम्ही तोवर दोन चकरा पूर्ण भाड्याने मारून बसलो होतो.

खुद्द वॉल्डनस्ट्रॉमचा माणूस मात्र लांबूनच मिळतो. अमेरिकेत १९९४ पासून या एकाच आजाराची संस्था आहे, आयडब्ल्यूएमएफ, तिथे कुठल्या औषधाचा अनुभव कुणाला आहे त्याप्रमाणे बोलायला स्वयंसेवक असतात. बाकीच्या प्रकारांसाठी लिम्फोमा कोअलिशन बघा, जगभरातल्या पेशंट संघटना त्यात आहेत. इंग्रजीची भीती वाटली तं घरातल्या पोरीला बसवा, माझ्या भाचीने चार ओळींचा मेल लिहिला आणि उत्तर आलं. तिकडची औषधं, खर्च, विमा सगळं वेगळं, ते आपल्याला लावायचं नाही.

विचारायचं काय? जगण्यातलं विचारा. पुढे आप्पांना रिटुक्सिमॅब, म्हणजे शिरेतून सोडायचं औषध, सुरू झालं तेव्हा तिकडच्या एकाने आधीच सांगितलं होतं की पहिला डोस फार हळू सोडतात, दिवस जातो, थंडी भरून येऊ शकते, शाल घेऊन जा. कामाला आली शाल. अजून एक सांगितलं, की या औषधाने सुरुवातीला आयजीएम उलटा वाढू शकतो, घाबरू नका पण डॉक्टरला विचारा. आम्ही विचारलं, डॉक्टरांनी खुर्ची ओढून दहा मिनिटं समजावलं. म्हणजे प्रश्न त्या माणसाकडून घ्यायचा आणि उत्तर डॉक्टरकडून. किमो चालू असताना १०० च्या वर ताप, किंवा या आजारात नाकातून रक्त, अंधुक दिसणं, डोकं जड होणं (रक्त घट्ट झालं की असं होतं), हे व्हॉट्सॅपवर विचारत बसायचं नाही, थेट हॉस्पिटलला फोन.

पेशंटांच्या व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये रिपोर्टचा फोटो टाकायचा असला तं नाव, फाइल नंबर, मोबाइल झाकून. कुणी पर्सनलला येऊन जडीबुटी नाहीतर पावडर विकायला लागला तं ब्लॉक करा, लाजू नका. आणि ग्रुपवर कधी कधी कुणी गेल्याची बातमी येते, म्हणून आमच्याकडे ग्रुप माझ्या फोनवर, आप्पांच्या नाही. तुमच्या पेशंटला चालत असेल तं वेगळी गोष्ट, त्यालाच विचारा.

मायचं राहिलंच. तिलाही कुणीतरी पाहिजे होतं हे मला फार उशिरा सुचलं. मास्तरांच्या बाईंशी फोन लावून दिला तं दोघी अर्धा तास भरताच्या वांग्यांवर बोलल्या, आमच्याकडची चांगली की त्यांच्याकडची, आणि मंग शेवटी पाच मिनिटं रडल्या.

पहिला फोन करताना आधी विचारा, आत्ता बोलायला जमेल का. मग आपलं दोन मिनिटांत सांगा आणि गप्प बसा, समोरचा बोलू द्या. "किती वर्षं झाली" विचारलं तं चालतं, "किती वर्षं राहतील" विचारू नका, त्याला काय माहीत. आप्पा आता दर रविवारी मास्तरांना स्वतःच फोन लावतात, आधी केळीचा भाव होतो, आयजीएम त्याच्यानंतर.