पंख्याखालचा दिवा लागत नाही? बल्ब आणायच्या आधी हे बघा

बेळगावच्या वडगाव-खासबाग भागात वायरिंगची कामं करताना हल्ली ही तक्रार फार येते. "मामा, फॅन फिरतोय, पण खालचा लाईट उघडझाप करायलाय." तोवर घरच्यांनी नवा बल्ब आणूनही झालेला असतो. माझं सांगणं आहे की पैसे घालवायच्या आधी करंट कुठपर्यंत येतो ते शोधा. पंख्याबरोबर दिवाही रात्रंदिवस हादरत असतो, त्यामुळे बिघाड बल्बापेक्षा जोडांत जास्त सापडतो.

हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून चालणार नाही. जुन्या घरांत कितीतरी ठिकाणी बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवर टाकलेलं असतं. दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरात फेज, म्हणजे शॉक देणारी करंटची वायर, हजर असतो. दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. आपल्याकडे पावसाळ्यात करंट जातो म्हणून बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आहे, आणि त्यावर पंखे आणि लाईटच असतात. मेन पाडला की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि त्याच वायरीत पुन्हा 230 व्होल्ट येतात. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. मेन पाडण्याआधीच टेस्टर चालू प्लगात लावून तो पेटतो याची खात्री करा, आणि सगळं बंद केल्यावर त्याने होल्डर तपासा. चढायला शिडीचा घोडा घ्या, प्लास्टिकची खुर्ची नको.

आता काच उतरवा. वळवाच्या पावसानंतर तिच्यात पाखरांचा खच पडलेला असतो, तो पुसून घ्या. बल्बवाला दिवा असेल तर दुसऱ्या खोलीतला चालू बल्ब लावा आणि खाली उतरून, करंट देऊन बघा. तोही लागला नाही तर मेन आणि इन्व्हर्टर परत बंद करून होल्डरकडे वळा. आपल्या नेहमीच्या खाचेच्या होल्डरात दोन पिना असतात. स्क्रू ड्रायव्हरने एकेक दाबा, ती टणकन वर आली पाहिजे. उष्णतेने स्प्रिंग मेली की पीन आत बसते आणि बल्बाला टेकत नाही. पीन ओढून वर काढण्यात अर्थ नाही, होल्डरच बदला.

नव्या पंख्यांत बल्ब नसतो, एलईडीची गोल प्लेट असते. तिच्यावरचे पिवळे ठिपके नीट निरखून बघा. एखाद्यावर मधोमध काळा डाग दिसला तर तो एलईडी जळाला. ते एकामागे एक जोडलेले असल्याने एक गेला की अख्खी ओळ विझते. ठिपके सगळे स्वच्छ असतील आणि दिवा ठरावीक वेळाने लुकलुकत असेल तर बहुधा ड्रायव्हर गेला आहे. ड्रायव्हर म्हणजे प्लेटच्या मागची छोटी डबी. दुकानात जाताना जुनी डबी बरोबर न्या. तिच्यावर आउटपुट छापलेलं असतं, समजा डीसी 30 ते 60 व्होल्ट, 300 मिलीअँपिअर. मिलीअँपिअर तेवढेच हवेत आणि व्होल्टेज त्या पल्ल्यात बसलं पाहिजे. नुसते वॉट जुळवून आणलेला ड्रायव्हर प्लेट जाळू शकतो. चालू दिव्याच्या प्लेटला बोट लावू नका. स्वस्तातल्या ड्रायव्हरमध्ये तिथपर्यंत शॉक येऊ शकतो.

दिवा शाबूत निघाला तर छताजवळची वाटी खाली सरकवा. इथं मला सगळ्यात जास्त बिघाड सापडतात. पीळ देऊन वर टेप गुंडाळलेले जोड असतात. टेप चिकट होऊन सुटलेली असते आणि तांबं काळं पडलेलं असतं. खानापूरकडच्या कौलारू घरांत पंखा तुळईला टांगलेला असतो, तिथं पावसाळ्याच्या ओलीने तांब्यावर हिरवी पुटं चढतात. माग असलेल्या घरांत वाटीत सुताची धूळ साचते, ती ब्रशने झाडून काढा. वायरीचं काळं पडलेलं टोक कापा, लखलखीत तांबं दिसेपर्यंत सोला आणि स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट आवळा. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा, सुटली तर परत आवळा. रंगावर विसंबू नका. तांबडी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हे खरं, पण जुन्या वायरिंगमध्ये हाताशी लागेल ती वायर ओढलेली असते.

जोड चांगले, ड्रायव्हर चांगला, तरी पंखा हळू केला की दिवा थरथरतो? मग रेग्युलेटर बघा. फुल्लवर टाकल्यावर दिवा स्थिर झाला तर कारण सापडलंच. भिंतीतून वर एकच फेज आलेला असतो आणि पंखा व दिवा दोन्ही त्यालाच जोडलेले असतात. रेग्युलेटर पंख्याचं व्होल्टेज उतरवतो, तेव्हा ड्रायव्हरलाही अर्धपोटी राहावं लागतं. दिव्यासाठी वेगळी वायर आणि वेगळं बटण हाच यावरचा खरा उपाय. रिमोटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा असेल तर तो रेग्युलेटरवर ठेवूच नका, लाईन थेट द्या. हे काम वायरमनकडून करून घ्या.

बटण बंद केल्यावरही दिवा मंद पेटलेला राहतो, त्याला घाबरू नका. बटणातल्या छोट्या तांबड्या इंडिकेटरमधून किंचित करंट झिरपतो आणि एलईडीला तेवढाही पुरतो. साधं बटण बसवून बघा. तरीही राहिला तर बटण न्यूट्रलवर आहे का ते तपासून घ्या. रिमोट चालत नसेल तर सेल बदला, आणि पंख्याचा करंट मिनिटभर बंद ठेवून परत द्या.

जळका वास येत असेल, किंवा दिवा लावताच एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल, तर स्वतः पुढे जाऊ नका.

सगळं जुळलं की वाटी लगेच चढवू नका. खाली उतरून पंखा फुल्लवर दहा मिनिटं दिव्यासकट चालवा. दिवा एकदाही लवला तर कुठला तरी जोड अजून सैल आहे. नाही लवला तर करंट परत बंद करून वाटी चढवा, आणि चढवताना वायर तिच्या कडेखाली चेमटत नाही ना, ते बघा.