स्वयंसेवक ॲपचं 'जागा रिकामी' नोटिफिकेशन उशिरा येतंय? माझं असं सुटलं

आमच्या ग्रुपने महिन्याचं ठरलेलं ड्युटीपत्रक बंद करून ॲप आणलं, म्हणजे ऐनवेळी कुणाला जमलं नाही की तो जागा सोडतो आणि ज्याला तास-दोन तास मोकळे असतील तो घेतो. झकास सोय, पण माझ्या अँड्रॉइड फोनवर सकाळी ९ ला सुटलेल्या जागेचं नोटिफिकेशन दुपारी मी ॲप उघडलं की मगच यायचं, चार-पाच एकदम, तोवर जागा गेलेल्या. जाम वैताग!

कॅशे साफ केली, ॲप काढून परत टाकलं, वायफायऐवजी डेटा लावला, काही फरक नाही.

शेवटी चाललं ते असं. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ते ॲप उघडायचं. आधी नोटिफिकेशन चालू आहे ना बघा (अँड्रॉइड १३ पासून ती परवानगी वेगळी द्यावी लागते, माझी दिलेली होती). मग बॅटरी, तिथे 'रिस्ट्रिक्टेड' (म्हणजे न उघडता मागे चालायला आडकाठी) होतं ते 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं, खरा चोर हाच. मागे येऊन 'वापरात नसल्यास ॲप थांबवा' अशा अर्थाचं बटण बंद केलं, नाहीतर काही महिने ॲप उघडलं नाही की फोन परवानग्याच काढून घेतो. काही फोनमध्ये ऑटोस्टार्ट (ॲपला आपोआप सुरू होऊ देणं) वेगळं असतं, तेही चालू करा. आणि 'फोर्स स्टॉप' अजिबात दाबू नका, मग परत उघडेपर्यंत काहीच येत नाही.

फोन लॉक करून अर्धा तास ठेवला, मित्राला त्याची एक जागा सोडायला लावली. टुंग! लगेच वाजला.