हॉलिडे मेंबरशिप गळ्यात पडली असेल तर

पेट्रोल पंपावर कूपन भरलं, 'गिफ्ट लागलं' म्हणून फोन आला, नागपूरच्या वर्धा रोडवरच्या हॉटेलात जोडीनं जेवलो आणि उठलो ते हॉलिडे मेंबरशिपसाठी (आधी पैसे भरून पुढची काही वर्षं ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याची योजना) कार्ड स्वाइप करूनच. गिफ्ट म्हणजे एक डिनर सेट, त्यातही दोन वाट्या कमी!

तुमचंही असंच झालं असेल तर आधी करार काढा आणि बारीक अक्षरातलं रद्द करण्याचं कलम शोधा. बऱ्याच करारांत सही केल्यापासून ठरावीक दिवसांत पैसे परत मागता येतात. सेल्समन 'सर, बघतो ना' म्हणत नेमके तेच दिवस काढतो. फोनवर बोलत बसू नका. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टनं पत्र पाठवून पावती जपा.

हप्ता परस्पर थांबवू नका. पुष्कळदा तो फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) तुमचं बिघडतं.

कंपनी दाद देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असली तरी केस नागपुरात. मुदत 2 वर्षं. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही.

आणि 'तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.