घरी लेदरचं काम सुरू करताय? हत्यारं, मशीन आणि माल कसा निवडायचा

बरेच जण विचारतात, लेदरचं काम सुरू करायचंय, काय काय घेऊ? मी उलट विचारते, पहिलं काय बनवणार? पाकीट का बेल्ट का पिशवी? कारण हत्यारांची यादी त्यावरून ठरते. पाकिटाला लागणारं लेदर आणि बेल्टला लागणारं लेदर यात जाडीचा तिप्पट फरक असतो, मग दोरा वेगळा, भोकं पाडायचं हत्यार वेगळं, कड काढायचं पण वेगळं. हे न ठरवता पन्नास वस्तूंचा सेट ऑनलाइन मागवला की त्यातल्या पाच-सहाच हातात येतात आणि नेमक्या त्याच बोथट निघतात. माझं असं झालंय म्हणून सांगते, आणि त्या बोथट हत्यारांनी जे पहिले दोन महिने गेले त्यात मला वाटायचं आपला हातच वाईट आहे.

तर आधी जाडीचा अंदाज. पाकिटाची बाहेरची बाजू 1 ते 1.2 मिमी, आतले कार्डाचे कप्पे 0.6 ते 0.8, पिशवी 1.6 ते 2, बेल्ट एकेरी करणार असाल तर 3.2 ते 4 मिमी. परदेशी व्हिडिओत औंसात सांगतात, तिथे 1 औंस म्हणजे साधारण 0.4 मिमी धरायचं, म्हणजे 3 औंसवालं लेदर 1.2 चं. आपल्याकडे दुकानदार मिमीतच बोलतात. एक साधा व्हर्नियर किंवा जाडी मोजायचा डायल गेज घेऊन ठेवा, दुकानात जाताना खिशात न्या. एकाच कातड्यात मानेकडे, पाठीकडे आणि पोटाकडे जाडी वेगवेगळी असते, दुकानदाराने सांगितलेला आकडा हा मधलाच कुठला तरी असतो.

आता लेदर स्वतः. दोन मुख्य प्रकार, व्हेज टॅन आणि क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं). बाजारात मिळणारं बहुतेक क्रोमचंच असतं, मऊ, रंगीत, पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारं, पिशव्यांना मस्त. पण त्याची कड घासून चकचकीत होत नाही आणि त्यावर ठसा किंवा नक्षी उमटत नाही. हाताने शिवणाऱ्या माणसाला शिकायला व्हेज टॅनच बरं, म्हणजे झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं. आपल्या कोल्हापुरीचं कातडं याच जातीचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा, क्रोमला आतून निळसर राखाडी झाक असते (पूर्ण आरपार रंगवलेलं असेल तर दिसणार नाही). कच्च्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर तो पटकन आत शिरतो आणि डाग गडद होतो. आणि अगदीच शंका असेल तर दुकानदाराला विचारून कोपऱ्यातली चिंधी जाळून बघा, क्रोमची राख हिरवट होते. "जेन्युइन लेदर" असा शिक्का बघून खूश होऊ नका, त्यात वरचा थर काढून घेतलेलं स्प्लिट पण बसतं. फुल ग्रेन, म्हणजे वरचा मूळ थर तसाच ठेवलेलं, आहे का हे विचारायचं.

माल कुठून. मुंबईकरांना धारावी जवळ आहे, तिथे फिनिश केलेलं लेदर, अस्तर, झिपा, बकल सगळं एका फेरीत बघता येतं आणि कारखान्यातले उरलेले तुकडे किलोवर मिळतात, सरावाला याच्यासारखं काही नाही. पण तिथे मुख्यतः क्रोम, हे डोक्यात ठेवून जा. पुण्यात मी बकल, रिंगा, झिपा, जाड दोरा यासाठी रविवार पेठेत बोहरी आळीत जाते. साध्या लोखंडी हत्यारांना, म्हणजे हातोडी, पंच, पट्टी, कानस, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. कोल्हापूरला गेलात तर चप्पल करणाऱ्यांच्या वस्तीत आवर्जून जा, सुभाषनगर वगैरे भागात, पण नुसतं खरेदी करून निघू नका, थोडं बसा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, पण ती हत्यारं आणि ते हात त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. तिथलं कातडं जाड, कडक, बेल्ट, सुरीचं म्यान, चावीचे पट्टे याला झकास, पाकिटाला नाही चालणार, घडीच पडत नाही नीट.

बाहेरून मागवायचं असेल तर शहरं लक्षात ठेवा: कानपूर म्हणजे घोड्याच्या खोगिराचं सामान, त्यामुळे जाड व्हेज टॅन तिथून चांगलं येतं, कोलकाता बॅगांचं आणि हातमोज्यांचं, तमिळनाडूत आंबूर, राणीपेट हा सगळा बुटांचा पट्टा. आणि त्याच राज्यातलं ईआय (ईस्ट इंडिया) लेदर म्हणून जे ओळखलं जातं ते व्हेज टॅन, पातळ, अस्तराला फार छान.

नवीन सप्लायरकडून पहिल्यांदा कधीच पूर्ण कातडं घेऊ नका. आधी सॅम्पल, निदान हातभर तुकडा. तो वाकवून बघा, वरचा पापुद्रा सुटून सुरकुत्या पडतात का, ओला करून वाळवा, कड घासा, चार टाके घाला, मगच ऑर्डर. भाव स्क्वेअर फुटावर असतो आणि मागच्या बाजूला मशीनने मोजलेला आकडा छापलेला असतो, पण त्यात पोटाचा ताणला जाणारा भाग, पायाकडचे कोपरे, जखमांचे व्रण सगळं मोजलेलं असतं, त्यामुळे पाव भाग तरी वाया जाणार असं धरूनच हिशोब करा. एका साध्या दुमडीच्या पाकिटाला आतल्या कप्प्यांसकट एक-दीड स्क्वेअर फूट पुरतं. बेल्टचं गणित वेगळं, तिथे क्षेत्रफळ नाही लांबी बघायची, 34 कंबरेच्या माणसाला बकलची घडी आणि पुढचं शेपूट धरून 45 इंचाच्या आसपास सरळ पट्टी लागते, ती पण पाठीच्या भागातून, पोटाकडून काढलीत तर सहा महिन्यात वाकडी होते. आणि फोनवर सांगायचं की रोल करून पाठवा, घडी घालू नका. व्हेज टॅनवर पडलेली घडी जात नाही.

शिवाय विचारायचं की जाडी कमी करून देता का. घरी हाताने अख्खा तुकडा पातळ करणं नवीन माणसाला जमत नाही. जो सप्लायर स्प्लिटिंग करून हव्या त्या जाडीचं देतो त्याला फुटामागे थोडे जास्त द्यायला मी कधीच कुरकुर करत नाही.

आता हत्यारं. माझं मत ठाम आहे, पैसे दोन ठिकाणी घाला, कापण्यात आणि भोकात. बाकी सगळं स्वस्त चालतं.

कापायला सुरुवातीला ओल्फासारखा चांगला स्नॅप ब्लेडचा कटर पुरे, पातं बिनधास्त मोडत जा, बोथट पात्याने लेदर ताणलं जातं आणि लाइन वाकडी येते. पुढे रापी, म्हणजे लेदर कापायची पारंपरिक सपाट सुरी घ्या. कोल्हापुरात एका काकांनी मला त्यांची जुनी रापी हातात दिली आणि म्हणाले, "बाळा, आधी धार लावायला शीक, कापणं आपोआप येतंय." मी तासभर धारच लावत बसले होते आणि तो तास मला पुढे प्रत्येक कामात उपयोगी पडलाय. घरी करायचं तर काचेवर 1000 आणि 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून त्यावर, आणि शेवटी लाकडी फळीवर लेदरची पट्टी चिकटवून तिला हिरवं पॉलिश कंपाउंड लावून त्यावर ओढायचं. अर्धगोल, चंद्रासारखी महाग सुरी इतक्यात नको.

शिवणीच्या भोकांसाठी प्रिकिंग आयर्न किंवा डायमंड चिझल, म्हणजे काट्यासारखे दात असलेलं ठोकायचं हत्यार, दोन दात आणि चार दात असे दोन घ्या, सहा-आठ दाताचं नंतर. पाकिटाला दातातलं अंतर 3 ते 3.4 मिमी, बेल्ट आणि पिशवीला 4 किंवा 5. स्वस्तातलं घेताना तपासायचं कसं ते सांगते: जाड कागदावर पट्टीच्या रेषेवर एकदा ठसा उमटवा, मग तेच आयर्न उलटं फिरवून त्याच ठशांवर ठेवा, सगळे दात बसले तर अंतर सारखं आहे, नाही बसले तर परत करा. आणि दात चकचकीत पॉलिश असले पाहिजेत, खरखरीत असले तर लेदरमध्ये अडकतात, उपटताना पाकीटच वर येतं. वाटलं तर बारीक पेपरने घासून थोडं सुधारता येतं. फ्रान्सचं ब्लांशार, अमेरिकेतलं 1826 पासूनचं ओसबॉर्न, जपानचं सेइवा ही नावं ऐकाल, दर्जा आहेच, पण बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी आणि टॅक्स धरून भाव बघा. पहिल्या दहा वस्तूंना त्याची गरज नाही.

ठोकायला लोखंडी हातोडी नको, दातांची डोकी फुटतात. लाकडी मोगरी किंवा नायलॉनचा मॅलेट. खाली दगड हवा, त्यासाठी लेदरच्या दुकानात पैसे घालू नका, किचन ओट्याचं काम करणाऱ्याकडे ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा तुकडा पडलेला असतो, जवळपास फुकट देतात. त्यावर जाड प्लास्टिकची कटिंग बोर्डची फळी ठेवली की झालं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर टेबलाच्या मधोमध नाही, पायाच्या बरोबर वर ठेवा दगड, आवाज निम्मा होतो, खालचे काका वर येत नाहीत.

सुया बोथट टोकाच्या हार्नेस सुया, जॉन जेम्सच्या 4 नंबरच्या मी वापरते, पाकीट आणि पिशवी दोन्हीला चालतात. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टर, भोकांतलं अंतर 3 मिमी असेल तर 0.45 ते 0.55 मिमीचा, 4-5 मिमी असेल तर 0.8 चा. नवीन माणूस हमखास जाड दोरा घेतो आणि मग छोट्या पाकिटावर तो सुतळीसारखा दिसतो. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा कापा, जाड लेदरला अजून थोडा जास्त.

चिकटवायला फेविकॉलचं एसआर 998 सगळीकडे मिळतं, दोन्ही बाजूंना पातळ लावून वाळू द्यायचं आणि मग दाबायचं, खिडकी उघडी ठेवून, वास डोक्यात जातो. कडेला बेव्हलर (कडेचा टोकदार कोपरा छाटायचं हत्यार) 1 नंबरचा एक, 400 आणि 800 चा पॉलिश पेपर, सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) पावडर पाण्यात भिजवून केलेली खळ आणि घासायला गोल लाकडी दांडका. कडेला लावायचं जपानी टोकोनोले सुंदर आहे पण सीएमसीने शिकलात तरी कड आरशासारखी होते, फक्त हात जास्त चालवायला लागतो. वर मधमाशीचं मेण.

एक महत्त्वाचं. व्हेज टॅन ओलं असताना लोखंड लागू देऊ नका. कातड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळेकुट्ट डाग पडतात, मी ओल्या तुकड्यावर रात्रभर स्टीलची पट्टी समजून लोखंडी पट्टी ठेवली होती, सकाळी त्यावर सरळ काळी रेघ. लिंबाचा रस पुसून डाग फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही. गंमत म्हणजे हीच केमिस्ट्री मुद्दाम वापरून, व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून, लोक लेदर काळं करतात.

मशीनकडे येऊ. पहिली निदान पंधरा-वीस कामं हाताने करा, मशीन नको. हाताच्या सॅडल स्टिचमध्ये दोन सुया एकाच भोकातून आरपार जातात, एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनचा टाका वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ असते, तुटला की पुढे उसवत जाऊ शकतो. पण महिन्याला वीस पिशव्यांची ऑर्डर आली तर हात दुखून येतात हे पण खरं.

घरातलं शिलाई मशीन मऊ, पातळ लेदरचे दोन थर कसेबसे शिवेल, त्यापुढे फीड घसरतं, टाके लहान-मोठे होतात आणि मशीनची पण वाट लागते. लेदरला हवं ते वॉकिंग फूट, म्हणजे खालचे दात, सुई आणि वरचा पाय तिन्ही मिळून माल पुढे नेतात, याला कंपाउंड फीड म्हणतात. सपाट टेबलचं जुकी डीएनयू 1541 पिशव्यांना, पट्ट्यांना. गोल दांड्यासारख्या बेडचं जुकी एलएस 1341 तयार पिशवीच्या आत, कोपऱ्यात शिवायला. पॅचर म्हणून जे हाताने फिरवायचं छोटं मशीन मिळतं ते दुरुस्तीला ठीक, देखणा सरळ टाका त्यातून काढायला फार कष्ट. मोटर सर्व्हो घ्या, क्लच नको, सर्व्होवर एक-एक टाका सावकाश घालता येतो, आवाजही कमी.

सेकंडहँड घेताना तुमच्याच लेदरचे तुकडे घेऊन जा. दोन थर, मग चार, मग परत दोन असं सलग शिवून बघा, टाक्याची लांबी बदलते का, मागची बाजू बघा. रिव्हर्स घातल्यावर टाका त्याच भोकात पडतो का. चाक हाताने मागे-पुढे हलवून ढिलेपणा बघा. त्या मॉडेलचा पार्ट आणि मेकॅनिक तुमच्या गावात आहे का, हे मशीन बघायला जायच्या आधी विचारा. आणि टेबलासकट वजन किती, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता.

कड पातळ करायचं स्कायव्हिंग मशीन छंदासाठी विकत घ्यायची गरजच नाही, बॅग करणारे कारागीर थोड्या पैशात करून देतात. पावसाळ्यात मात्र माल वेळेत वापरा, व्हेज टॅनला बुरशी फार लवकर येते, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, जुन्या सुती चादरीत रोल करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आठवड्याने एकदा उघडून वारा. आणि प्रत्येक रोलच्या मागे पेनाने सप्लायर, तारीख, जाडी लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने तोच रंग परत हवा असतो आणि कुठून आणला होता ते आठवत नाही.