क्रूझच्या बंदरातून स्वतःच्या हिमतीवर बेटाची सहल: या चुका टाळा

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. इटलीत नेपल्ससमोरच्या काप्री बेटावर, काप्री गावाच्या चौकात, खाली बंदराकडे उतरणाऱ्या फ्युनिक्युलरच्या, म्हणजे उतारावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या, रांगेत मी उभा. पुढे शेदोनशे माणसं. कठड्यापाशी गेलं की खाली मरीना ग्रांदे या बंदराचा धक्का दिसत होता, धक्क्याला लागलेली माझी बोट दिसत होती, आणि तिच्यात चढणारी मुंगीएवढी माणसंही. फ्युनिक्युलर चारेक मिनिटांत खाली सोडते, पण आपला नंबर लागला तर ना! शेवटी रांग सोडली आणि गल्लीबोळांतून पायऱ्या उतरत सुटलो. बोट मिळाली. गुडघे मात्र पुढचे दोन दिवस बोलत होते.

बोटीत बसल्यावर, श्वास जागेवर आल्यावर, लक्षात आलं की घोटाळा रांगेत झालाच नव्हता. तो सकाळी जहाजावर न्याहारी करताना झाला होता. मी दिवसाचा हिशेब जाण्याच्या बोटीपासून मांडला होता. तो मांडायचा असतो परतीच्या बोटीपासून.

दहा तास दिसतात, मिळतात चार

माझं क्रूझ जहाज नेपल्सला लागलं होतं, तेच उदाहरण पुढे चालवू. समजा जहाज सकाळी ८ ला लागणार आणि संध्याकाळी ६ ला सुटणार. वाचणारा म्हणतो, दहा तास हाताशी आहेत की! आता यातून एकेक वजा करत चला. जहाज ६ ला सुटणार म्हणजे प्रवाशांनी साडेपाचपर्यंत आत यायचं. काही बंदरांत ही मुदत तासभर आधीचीही असते. ती वेळ रोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या अ‍ॅपमध्ये असते, आणि उतरताना दारापाशी फलकावरही लावलेली असते. त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. तिकडे ८ ला जहाज लागलं म्हणून ८ ला कुणी उतरत नाही. दोर बांधायचे, बंदराची परवानगी यायची, मग दार उघडायचं, यात सहज अर्धा-पाऊण तास जातो.

साडेपाचातून दीड तास हाताशी ठेवला की चारला आपले पाय नेपल्सच्या धक्क्यावर हवेत. हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्यावर उचलून धावणारी वेगवान बोट, काप्रीहून साधारण ५० मिनिटं घेते. म्हणजे तिथून तीन-सव्वातीनच्या सुमाराला सुटणारी बोट ही आपल्याला परवडणारी शेवटची.

आणि ती आपली बोट नाही. आपली बोट तिच्या आधीची.

ही एकच गोष्ट पाळली तर या लेखातल्या निम्म्या चुका आपोआप टळतात. आधीची बोट धरायला गेलात आणि ती चुकली, भरलेली निघाली किंवा रद्द झाली, तरी पुढची असते. शेवटचीच धरायला गेलात आणि ती चुकली, तर पाण्यात देव ठेवून बसायचं. समजा आधीची बोट सव्वादोनची आहे. म्हणजे पावणेदोनला खाली धक्क्यावर हवं. सकाळी दहाला बेटावर पोचला असाल तर मिळाले पावणेचार तास. एवढ्यात काप्री गाव पाहून होतं, किंवा बेटावरचं दुसरं गाव आनाकाप्री. दोन्ही आणि वर ब्लू ग्रोटो ही निळ्या पाण्याची गुहा असा बेत केलात की मग माझ्यासारख्या पायऱ्या मोजाव्या लागतात.

दीड तासाची राखीव वेळ जास्त वाटते, हे मान्य. पण जहाजाच्या कंपनीने नेलेली सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुमच्यासाठी थांबणार नाही. ही राखीव वेळ म्हणजे तुम्ही स्वतःच स्वतःला दिलेली हमी.

बंदर एकच, धक्के दहा

‘जहाज बंदरात लागतं, फेरीही बंदरातूनच सुटते, मग काय लांब असणार?’ या समजुतीने पुष्कळांचा सकाळचा तास खाल्ला आहे.

नेपल्समध्ये नशीब चांगलं आहे. क्रूझ जहाजं स्टात्सिओने मारिट्टिमाला लागतात आणि हायड्रोफॉइल शेजारच्याच मोलो बेवेरेल्लोहून सुटतात. पण मोटारी नेणाऱ्या मोठ्या, संथ बोटी तिथून सुटत नाहीत. त्यांचा धक्का कालाता पोर्ता दि मासा, आणि तो टर्मिनलच्या दुसऱ्या बाजूला. चुकीच्या रांगेत उभं राहून मग तिकडे पळणारी माणसं तिथे हमखास दिसतात.

अथेन्सचं बंदर पिरेयस याहून पसरलेलं आहे. तिथे फेरीच्या दारांना ई १ ते ई १२ असे क्रमांक आहेत. एजिना किंवा हिद्रा बेटाला जायचं तर ई ८ गाठायचं. क्रूझ टर्मिनल तिथून दूर आहेत, आणि जहाज त्यांतल्या कुठल्या टर्मिनलला लागलं यावर चालण्याचं अंतर चांगलंच बदलतं. ग्रीसच्याच मिकोनोस बेटावर डिलोस बेटाची बोट गावातल्या जुन्या बंदरातून सुटते. मोठं जहाज मात्र बऱ्याचदा गावाबाहेर, तुर्लोसच्या नव्या बंदराला लागतं. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर समोरच्या किनाऱ्यावरच्या प्लाया देल कारमेनची फेरी गावाच्या मधोमध असलेल्या धक्क्यावरून आहे, तर क्रूझचे दोन मोठे धक्के गावापासून काही किलोमीटर दक्षिणेला. तिथे टॅक्सीला पर्याय नाही.

ग्रीसचं सँटोरिनी बेट तर निराळंच प्रकरण. जहाज खाली काल्डेरात, म्हणजे ज्वालामुखीच्या मुखात समुद्र शिरून झालेल्या खाडीत, उभं राहतं, छोट्या बोटी तुम्हाला जुन्या बंदरात सोडतात, तिथून केबल कारची रांग लावून वर फिरा गावात यायचं. आणि दुसऱ्या बेटांच्या फेऱ्या कुठून? आथिनिओसहून, म्हणजे परत खाली उतरून, दुसऱ्याच बंदरातून. सँटोरिनीला क्रूझने गेलेल्याने तिथून फेरीने आणखी एखाद्या बेटावर जाण्याचा बेत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच्या उलट ऑकलंड. जहाज क्वीन्स व्हार्फला लागलं तर फेरीची इमारत शेजारीच, वायहेके बेट सुमारे ४० मिनिटांवर. हेलसिंकीत सुओमेनलिना बेटाची बोट बाजारचौकातून सुटते, पंधराएक मिनिटांत पोचते आणि शहराच्या बस-ट्रामचंच तिकीट तिला चालतं. पहिल्यांदाच स्वतःच्या भरवशावर जायचं असेल तर अशा सोप्या ठिकाणाहून सुरुवात करा.

तिकिटावर बेटाचं नाव वाचून समाधान मानू नका

बेटालाही एकाहून अधिक बंदरं असतात. क्रोएशियात स्प्लिटहून ‘ह्वार’ला दोन तऱ्हेच्या बोटी जातात. कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची वेगवान बोट, ह्वार गावात सोडते, सुमारे तासाभरात. मोटारींची मोठी फेरी स्तारी ग्रादला जाते, तिला दोनेक तास लागतात, आणि स्तारी ग्रादहून ह्वार गाव डोंगरापलीकडे, वीसेक किलोमीटरवर. बेट तेच, तिकिटावरचं नावही तेच, आणि दिवसाचा पार बट्ट्याबोळ. नेपल्सजवळच्या इस्किया बेटाचंही तसंच: इस्किया पोर्तो, कासामिच्चोला, फोरिओ ही बंदरं वेगळी. जाताना एका बंदरात उतरून परतीचं तिकीट दुसऱ्या बंदराचं निघणं ही चूक तिकीट खिडकीवर दोन प्रश्न विचारले की टळते. नेमकं कुठे उतरवणार? परत नेमकी कुठून सुटणार?

परतीचं तिकीट

जातानाच काढा. उन्हाळ्यात दुपारच्या बोटी सकाळीच भरतात, कारण सकाळी आलेल्या सगळ्यांना दुपारी परत जायचं असतं. तिकीट ठरावीक बोटीचं आहे की दिवसभरातल्या कुठल्याही, हेही बघा. ऑनलाइन घेतलेलं तिकीट काही ठिकाणी खिडकीवर दाखवून छापील करून घ्यावं लागतं, तेव्हा फोनवर तिकीट आहे म्हणून शेवटच्या मिनिटाला पोचू नका. बोट सुटण्याच्या काही मिनिटं आधीच शिडी ओढून घेतात.

वेळापत्रक वाचण्यातही एक खड्डा आहे. इटलीत ‘फेरिआले’ म्हणजे कामाचे दिवस, आणि त्यात शनिवारही आला. ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. शब्द ऐकून नेमका उलटा अर्थ लावणारे बरेच. रविवारी बोटी कमी असतात आणि ऋतू बदलला की सगळं पत्रकच बदलतं. एप्रिलच्या सहलीसाठी ऑगस्टचं वेळापत्रक पाहून ठेवलंत तर ते रद्दीत टाकायच्या लायकीचं.

घड्याळ कुणाचं खरं?

ही चूक सगळ्यांत गप्प बसून घात करते. जहाजाचं घड्याळ आणि बंदराचं घड्याळ एकच असेल असं नाही. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रो राज्याने २०१५ च्या फेब्रुवारीत आपली वेळ बदलली. तेव्हापासून तिथे वर्षभर न्यूयॉर्कची हिवाळी वेळ चालते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, इथे करत नाहीत. फ्लोरिडाहून निघालेलं जहाज उन्हाळ्यात आपल्या घड्याळांवर फ्लोरिडाचीच वेळ ठेवत असेल, तर जहाजावर चार वाजलेले असतात तेव्हा कोझुमेलमध्ये तीन. फेरी स्थानिक वेळेने धावते, जहाज आपल्या वेळेने सुटतं. तुमचा फोन मात्र टॉवर सापडताच स्वतःहून स्थानिक वेळ दाखवू लागतो. साडेतीन वाजलेत, अजून तासभर आहे, असं म्हणत तुम्ही सावलीत बसता आणि जहाजावर साडेचार झालेले असतात.

टेक्सासहून निघालेल्या जहाजावर हिशेब निराळा: उन्हाळ्यात दोन्ही वेळा जुळतात, हिवाळ्यात जहाज तासभर मागे. म्हणून पाठांतर करू नका. मनगटावर एक साधं काट्यांचं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेवर लावा आणि दिवसभर त्याला हात लावू नका. फोनमधली स्वयंचलित वेळ बंद करूनही भागतं, पण घड्याळ परवडलं. त्याची बॅटरी दुपारी फोटो काढून संपत नाही.

ऊन पडलंय म्हणजे समुद्र शांत, असं नाही

एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आभाळ निळंशार, ऊन लख्ख, आणि बोटी बंद. वारा वाढला की आधी छोट्या आणि वेगवान बोटी थांबतात. हायड्रोफॉइलचं सगळं कामच पाण्यावर उचलून धावण्याचं, लाट मोठी झाली की ते जमत नाही. मोठी संथ फेरी त्याच हवेत चालू राहू शकते. म्हणून बेट निवडताना पाहा की तिथे दोन्ही प्रकारच्या बोटी जातात का. एजिनाला जातात, वेगवान बोट ४० मिनिटांत, मोठी फेरी सव्वा तासाच्या आसपास. हिद्राला पिरेयसहून फक्त वेगवान बोटी आहेत, बेटावर मोटारीच नाहीत तर मोटारींची फेरी कशाला जाईल? वारा असलेल्या दिवशी मी हिद्रा सोडून एजिना धरेन.

अंदाज सकाळचा बघून चालत नाही, परतीच्या वेळेचा बघा. दुपारनंतर वारा चढणार असं दिसत असेल तर बेत सोडा किंवा लवकरची बोट धरा. सकाळी बेटावर सहज पोचणं हा परत येण्याचा पुरावा नाही.

जहाज धक्क्याला न लागता नांगर टाकून उभं राहणार असेल, तर आणखी एक गोम आहे. माणसांना छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात आणि पहिला मान बहुतेक वेळा कंपनीच्या सहलीवाल्यांचा. स्वतंत्र निघालेल्यांना नंबराची चिठ्ठी घेऊन बसावं लागतं. अशा बंदरात सकाळची पहिली फेरी गृहीत धरू नका.

काहीच नसलेली बेटं

ऑकलंडजवळचं रांगिटोटो हे ज्वालामुखीचं बेट सुंदर आहे. बोटीने २५ मिनिटं, मग काळ्या लाव्हातून साधारण तासाभराची चढण, माथा २५९ मीटरवर. पण तिथे दुकान नाही. पाणी, खाणं सगळं बरोबर हवं, आणि शेवटची बोट चुकली तर खासगी बोट मागवून जबर पैसे मोजावे लागतात. डिलोसवर तर रात्री राहायची परवानगीच नाही.

सीमा ओलांडायची असेल तर

तुर्कस्तानातल्या कुशादासीहून ग्रीसचं सामोस इतकं जवळ दिसतं की मोह होतो. पण तो परदेश आहे. दोन्हीकडे पासपोर्ट लागतो, व्हिसा लागत असेल तर एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा लागतो. आणि बऱ्याच प्रवासात पासपोर्ट जहाजानेच ठेवून घेतलेले असतात. आदल्या दिवशी जहाजाच्या स्वागतकक्षात विचारल्याशिवाय असा बेत करू नये. मला विचाराल तर करूच नये.

बोट चुकलीच तर

आधी तिकीट खिडकीकडे जा, दुसऱ्या कंपनीची बोट आहे का विचारा. एकाच मार्गावर दोन-तीन कंपन्या चालतात आणि एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही, तेव्हा नवीन तिकिटाचे पैसे मोजताना घासाघीस करू नका. बेटाला दुसरं बंदर असेल तर तिथली बोट बघा. मग जहाजाला कळवा. रोजच्या पत्रकात बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. तो सकाळीच कागदावर उतरवून घ्यायचा, कारण फोन बंद पडायला हीच वेळ निवडतो.

कळवलं म्हणून जहाज थांबत नाही. पण तुम्ही येत नाही हे कळलं तर कर्मचारी बऱ्याचदा तुमच्या केबिनच्या तिजोरीतले पासपोर्ट काढून एजंटकडे देऊन जातात. मग पुढच्या बंदरात स्वतःच्या खर्चाने जहाज गाठायचं. म्हणून खिशात एक चालणारं कार्ड, थोडी रोकड, पासपोर्टची प्रत आणि रोजच्या गोळ्या असतील तर दोन दिवसांच्या औषधासह निघा. पुढचं बंदर कुठलं आणि जहाज तिथे कधी पोचणार, हेही त्याच कागदावर, एजंटच्या नंबराखाली.